बागेमागचं रान आणि औषधाचा पंप

नागोठण्याला कंपनीत पहिली शिफ्ट असली की दुपारी मी रामवाडीला उतरतो आणि घरी न जाता नगरपालिकेच्या बागेमागच्या रानात शिरतो. मोबाइलला छोटं भिंग लावून किड्यांचे फोटो काढायचे आणि त्यांची नावं शोधायची, हा माझा नाद. बाभळीवरचा काट्यासारखा किडा म्हणजे शिंगवाला तुडतुडा, हे कळायला मला तीन आठवडे लागले होते.

यंदा श्रावणातल्या एका उघडिपीत गेलो, तर दोन माणसं पाठीवर पंप घेऊन गवतावर औषध मारत होती. बाभूळ तोडून बाजूला टाकलेली. तिच्या फांदीवर तुडतुडे अजून चिकटून होते आणि त्यांची राखण करणाऱ्या मुंग्या सैरावैरा पळत होत्या. माझं डोकंच फिरलं.

"कोणी सांगितलं हे करायला?"

"साफसफाई हाय," त्यांच्यावर देखरेख करणारा मुकादम म्हणाला. "साहेब बघायला येनार हायत."

"कसलं औषध आहे?"

"तणाचं."

"नाव काय त्याचं?"

"नाव कशाला पायजे? किड्यांसाठी भांडताय व्हय?" तो हसला.

तेवढ्यात पलीकडून खाडीकडच्या गावातली एक मावशी उठली. पावसाळ्यात ती इथे टाकळ्याची भाजी खुडायला येते. ओच्यात कोवळा पाला भरलेला. "अरे, आमी खातो ही भाजी! बोलायचं तरी व्हतंस!"

मी मावशीला घेऊन तसाच नगरपालिकेच्या कचेरीत गेलो. साहेबांना मोबाइलवरचे फोटो दाखवले. त्यांनी दोन-तीन पाहिले आणि म्हणाले, "छंद चांगला आहे तुमचा." मग मावशीने ओच्यातला सगळा टाकळा त्यांच्या टेबलावर ओतला.

"तुमचं औषध मारलेला पाला हाय. घरी न्या, सायेब. रांधा. पोरांना वाढा."

साहेबांनी खुर्ची मागे ढकलली. "आधी हे उचला इथून!"

"का? साफसफाईच हाय ना?"

फवारणी त्याच दिवशी थांबली. बागेवर 'इथे औषध मारू नये' अशी पाटीही लागली. पण फवारलेलं गवत आठवड्याभरात करपलं. मावशी आता दुसरीकडे भाजी खुडते. मी अजून जातो, गटाराच्या कडेला उरलेल्या पट्ट्यात काय मिळेल ते टिपतो. मुकादम भेटला की हात वर करतो. मी करत नाही.