पेटीतल्या पुस्तकांचं व्रत

आढीत आंबे घातले, की एक पिकला म्हणजे शेजारचाही पिकतो. मग पेंढा कुठेही उचला, वास तोच! किस्स्यांचंही तसंच आहे. हळदीकुंकवाला कोणीतरी विचारतं, "काकू, तुमच्या ओटीवर म्हणे एका उन्हाळ्यात मुलांची लायब्ररी होती?" मी एक गोष्ट सांगायला घेते आणि तिच्या मागोमाग बाकीच्या निघतात. तिकडे कुंकवाची कोयरी तशीच राहते!

युद्धाचे दिवस होते. आमचं बिऱ्हाड कर्जतला, शाळेला लागून. आमचे हे रेल्वेच्या गुड्स ऑफिसात. त्या साली सुट्टीत शाळेची कौलं उतरवून शाकारायची होती, म्हणून हेडमास्तरांनी पुस्तकांची पेटी आमच्या ओटीवर आणून ठेवली. म्हणाले, "वहिनी, सहावीपासून मॅट्रिकपर्यंतची मुलं इथे येऊन वाचतील. सुट्टीत वाचलेलं सगळं विसरतात हो! तुम्ही फक्त लक्ष ठेवा."

मुलांकडून वाचून कसं घ्यायचं, ते मला ठाऊक नव्हतं. पण व्रत कसं धरायचं, ते ठाऊक होतं. सकाळी तुळशीपुढे मुलांना उभं केलं, हातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला : पेटी संपेपर्यंत रोज दुपारी वाचन, आणि धरलेली गोष्ट अर्ध्यावर टाकायची नाही.

हे म्हणाले, "अगं, लायब्ररी आहे की चातुर्मास?"

*

कहाणी ऐकायची ती हातात अक्षता धरून, ही माझ्या आईकडची रीत. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या मुठीत अक्षता दिल्या. शेजारचा वसंता सुट्टीनंतर मॅट्रिकच्या वर्गात जाणार होता, त्यानं पुस्तक उघडलं. निघालं ज्वालामुखीचं! मुलं मुठी आवळून लाव्हारस ऐकत बसली. धडा संपला तेव्हा प्रश्न पडला, अक्षता वाहायच्या कुणाला? मुलांनी त्या पुस्तकालाच वाहिल्या.

दोन दिवसांनी हेडमास्तर आले. पुस्तक उचललं तर आतून तांदूळ गळले! वसंताचा धाकटा भाऊ बंडू समोर सापडला, त्याला विचारलं, "काय रे, ज्वालामुखी म्हणजे काय?"

बंडूनं हात जोडले. "आटपाट नगर होतं. तिथे एक डोंगर होता. लोक उतले, मातले. डोंगर कोपला, आग ओकला. जसा त्यांच्यावर कोपला तसा तुम्हांआम्हांवर न कोपो!"

हेडमास्तर बराच वेळ उपरण्यानं चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पाठ तर झालाय!"

*

आमच्यात गोदा होती. कडावची, शेतकऱ्याची लेक. इथे कर्जतला मामाकडे राहून मराठी शाळा पुरी केली होती. पेटीवर पहिली झडप तिची! पानं इतकी भराभर उलटायची, की बंडू म्हणायचा, "गोदे, जवळ बस गं, वारा येतो!"

तिचा बाप धर्मादादा कडावहून आमच्याकडे दूध घालायचा. एका सकाळी चरवी खाली ठेवून अंगणातच उभा राहिला.

"वैनी, पोरीला लई वाचाय लावू नका. खालापूरकडचं स्थळ आलंय. बैलजोडीवालं घर हाय. मृग लागला की मी तिला नेतो. लावनीला हात व्हतील, आन् दिवाळीमागनं लगीन."

"आणि इंग्रजी शाळा? तिचं फार मन आहे हो."

"शिकली तेवडी पुरं. सासरी काय म्हशीला वाचून दावायचंय?"

गोदा दाराआड होती. तिच्या बांगडीचा आवाज थांबलेला मला कळला. मी म्हटलं, "दादा, तिनं आमच्याबरोबर व्रत धरलंय. वाचनाचं. संकल्प सोडलाय."

धर्मादादा बदललाच. डोक्याचं मुंडासं नीट केलं. "व्रत हाय व्हय? आदी सांगायचं की! मधी उठवायचं नाय मंग. कवा सुटंल?"

"पेटी संपली की."

त्यानं ओटीवर डोकावून पेटी पाहिली. "म्हंजे मृगापतुर सरंल," म्हणाला आणि चरवी उचलून गेला.

*

एक रहस्यकथा होती. खून झालेला, खुनी सापडत नाही. वसंताचा आवाज अगदी रंगात आलेला. तेवढ्यात त्याची आई पळी हातात घेऊन फणफणत आली. "वश्या, जेवायला येतोस का पाठीत घालू?"

मी म्हटलं, "वहिनी, गोष्ट अर्धी टाकायची नाही, नेम आहे. दोन पानं राहिलीत."

ती पळीसकट दारात टेकली. मग उंबऱ्यावर बसली. मग पदरानं वारा घेत आत सरकली. थोड्या वेळानं वसंताचे वडील शोधत आले, "अहो, भाताचा वास सुटलाय! करपला!"

तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "करपू दे! आधी तो कोण, ते कळू दे. मला त्या भाच्याचा संशय आहे!"

रेशनचा तांदूळ तो. त्या दिवशी ते घर आमच्याकडे पिठलंभाकरी जेवलं. आणि खुनी भाचाच निघाला!

*

एकादशीला मला निर्जळी उपास. शिकारीचं पुस्तक चालू होतं. वाघ दबा धरून बसलेला, समोर बकरी बांधलेली. आणि माझ्या एकदम ध्यानात आलं, एकादशीच्या दिवशी माझ्या ओटीवर हे काय होणार!

"थांब वसंता! आज ते नको."

"पण काकू, अर्धी टाकायची नाही ना?"

मोठंच धर्मसंकट! एक व्रत पाळावं तर दुसरं मोडतं. शेवटी मी निर्णय दिला, वाघानं आज नुसतं बसावं. आपण पुन्हा पहिल्यापासून वाचू आणि वाघ बसलाय तिथपर्यंत येऊन थांबू.

दुसऱ्या दिवशी माझी आंघोळ आटपते न आटपते, तो बंडू दारात हजर.

"काकू, द्वादशी लागली! वाघाचं पारणं!"

*

जेठ लागला तशी पेटी खाली दिसायला लागली आणि गोदाचं वाचन बिघडलं. ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द. पान संपलं, की पुन्हा मागे. भूगोलाचं पुस्तक तर तिनं दुसऱ्यांदा वाचायला काढलं.

वसंता चिडवायला लागला, "काय गं गोदे, मालगाडी झालीस?"

तिनं मान वर केली नाही. "तुला काय घाई हाय रं? तू जानारच हायस शाळंत."

दुसऱ्या दिवशी वसंता वाचायला बसला, तो प्रत्येक स्वल्पविरामाला दम खाऊ लागला. बंडूला तर अक्षरं लागेनाशीच झाली. हेडमास्तर पाहायला आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "वहिनी, हे काय? सुट्टी लागली तेव्हा बरी वाचत होती हो मुलं!"

देवापुढे बसले, की मागायचे शब्द सुचत नसत. नुसतं म्हणायची, तुला दिसतंय ना सगळं?

*

पण पेटीच ती, संपली. शेवटचं पुस्तक गोदानंच मिटलं. मृग तोंडावर आला होता. धर्मादादा गाडी जुंपून आला. मामाकडून उचललेलं गोदाचं गाठोडं गाडीत होतं. बैल तसेच ठेवून तो ओटीच्या पायरीवर येऊन बसला.

"सरली का वैनी पेटी?"

"सरली."

गोदा माझ्यामागे उभी. वसंता, बंडू खांबाला टेकून. मी वाडग्यात गूळखोबरं आणून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं खडा उचलला, पण तोंडात घातला नाही.

"म्हंजे ह्या वर्साचं झालं," तो म्हणाला. "आमच्या घरात व्रतं लई झाली, वैनी. आये करायची, बायकू करती. एका वर्सात सुटतं आसं मोठं व्रत मी नाय पाह्यलं. कुनाचं पाच वर्सं, कुनाचं बारा. आन् अर्धं व्रत घिऊन पोर सासरी गेली तर तिकडं दोष लागंल. तवा आत्ताच इचारतो. ह्याचं किती वर्सांचं?"

देवाशपथ सांगते, हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. तेवढ्यात मागून गोदाचा आवाज आला.

"मॅट्रिकपतुर, बाबा."

धर्मादादानं लेकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "खरं हाय का?"

मी म्हटलं, "दादा, धरणारी सांगेल तेवढ्याचं."

तो उठला. गाडीशी गेला, बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा राहिला. मग गाठोडं काढलं, आणून ओटीवर ठेवलं आणि मुंडाशाचा शेव खोचत म्हणाला,

"खालापूरला निरोप धाडतो. म्हनावं, पोर व्रतात हाय!"