बिळातल्या काकांच्या सतरा खुणा

रंगमंचाच्या अगदी पुढच्या काठावर, मधोमध, उलटी टोपली ठेवावी तशी एक पेटी होती. तिच्यात छातीपर्यंत जमिनीखाली आणि डोकं तेवढं वर, असे काका एकतीस वर्षं बसत आले होते. ऑपेरात बोलायचं तेही गाऊनच, शिवाय परक्या भाषेत आणि तीन-तीन तास. म्हणून प्रत्येक ओळीचा पहिला शब्द गायकाला श्वासभर आधी पुरवायचा, हे काकांचं काम. विसरणाऱ्यालाच नव्हे, सगळ्यांनाच. नाट्यगृहात त्यांना बिळातले काका म्हणत. काकू म्हणायच्या, "घरी चार वेळा विचारावं तेव्हा एक शब्द निघतो. सगळे तिथेच वाटून येतात."

तिथे वर्षानुवर्षं चालत आलेल्या एका ऑपेराची जाडजूड प्रत काकांजवळ होती. तिच्यात सतरा ठिकाणी लाल पेन्सिलीची खूण होती, आणि सतराही खुणा बाईंच्या गाण्यांत. बाई म्हणजे तिथल्या मुख्य गायिका; वय साठीकडे झुकलेलं, पण आवाजाला गंज नाही. त्या गायला लागल्या की काकांचं भान हरपे आणि शब्द द्यायचा राहून जाई. बाईंचं त्यावाचून कधी अडलं नाही, म्हणून कुणाला कळलंही नाही. पण कामात चुकारपणा नको, म्हणून जिथे जिथे आपण हरवतो तिथे तिथे काकांनी स्वतःसाठी खूण करून ठेवली होती : इथे जागं राहायचं. त्याचा उपयोग मात्र शून्य. खूण दिसायची आणि काका तरीही हरवायचे.

एका सकाळी प्रतीची शिवण उसवली, पानं सुटायला लागली. नटांचे केसांचे टोप करणाऱ्या टोपवाल्याकडे ते चिकटवायचा डिंक असतो, म्हणून काकांनी प्रत त्याच्या खोलीत ठेवली. "दुपारपर्यंत वाळव रे बाबा," एवढंच म्हणाले. टोपवाला हाताचा मोठा गुणी. पण पोटात पाणी टिकेल एक वेळ, बातमी टिकायची नाही. त्याने पानं वाळवता वाळवता चाळली.

"सतरा," तो पोशाखवालीला म्हणाला. "मोजल्या मी. सतरा ठिकाणी बाई विसरतात."

"अगंबाई. आणि आपण समजत होतो, सगळं तोंडपाठ आहे."

"बिळात कोण बसलंय ते बघ ना. झाकणारा भक्कम असला की सगळंच तोंडपाठ."

आठवड्याभरात ते एका साप्ताहिकात आलं. नाव नव्हतं, 'एक ज्येष्ठ गायिका' होती, 'विश्वसनीय सूत्र' होतं आणि सतराचा आकडा होता. ज्यांनी बाईंना वर्षानुवर्षं ऐकलं होतं तेही म्हणायला लागले, मला मागेच शंका आली होती.

व्यवस्थापकांनी काकांना बोलावलं. काकांनी जे खरं ते सांगितलं. सांगताना कानशिलं लाल झाली, कारण एकतीस वर्षांची स्वतःची चूक ते पहिल्यांदाच कबूल करत होते.

व्यवस्थापक शांतपणे हसले. "काका, तुम्ही देवमाणूस आहात. पण इतकं रचून सांगू नका. तुम्ही, आणि शब्द द्यायला विसरता?"

"विसरतो, साहेब. त्यांच्यापुरता विसरतो."

"हेच म्हणतोय मी. त्यांच्यासाठी काय वाटेल ते अंगावर घ्याल. रविवारी दुपारच्या प्रयोगाला मी स्वतः प्रत घेऊन बसतो. एकदाही अडखळल्या नाहीत, तर पुढच्या वर्षीची भूमिका त्यांचीच. अडखळल्या, तर धाकटी गायिका तयार आहे."

काकू घरी म्हणाल्या, "सत्याचा वाली देव असतो." काका म्हणाले, "असेल. पण साप्ताहिक तो वाचत नसावा."

रविवारी प्रयोगाआधी बाई स्वतः पेटीशी खाली आल्या. अर्धी रंगभूषा झालेली, एक भुवई काढायची राहिलेली. "काका, माझी शपथ आहे तुम्हाला. मी विसरते का?"

"नाही हो बाई. विसरतो तो मी." त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं.

बाईंनी ऐकून घेतलं. डोळे भरून आले. "असंच सांगणार तुम्ही," त्या म्हणाल्या. "चांगल्या माणसाला विचारूच नये."

पडदा उघडला. पहिल्या खुणेपाशी बाईंची नजर खाली पेटीकडे आली. एकतीस वर्षांत ती कधी आली नव्हती. शब्द द्यावा, तर पुढच्या रांगेत बसलेल्या व्यवस्थापकांना ऐकू जाणार, आणि नेमका खुणेपाशी ऐकू आला म्हणून बाईंना गरज लागते यावर शिक्कामोर्तब होणार. न द्यावा, तर समोर ते डोळे. त्यांनी दिला. बाईंनी घेतला. दुसऱ्या खुणेला दिला, तिसऱ्याला दिला. पाचव्या ठिकाणी बाई थांबल्या. आठवत नव्हतं म्हणून नव्हे. शब्द खालून येईल म्हणून थांबल्या. वाद्यं अर्धी मात्रा पुढे निघून गेली.

त्या दिवशी काका एकदाही हरवले नाहीत. प्रत्येक शब्द वेळेवर दिला, आणि प्रत्येक शब्दासरशी बाई त्यांच्यावर जास्तच विसंबत गेल्या. थांबवायचं कसं, हे काकांना सुचेना. व्यवस्थापकांची पेन्सिल चाललेली त्यांना पेटीतून दिसत होती.

भूमिका धाकटीला गेली. साप्ताहिकाने छापलं, 'आम्ही आधीच म्हटलं होतं.' टोपवाला काकांना भेटून म्हणाला, "माझ्या मनात काही नव्हतं हो." ते खरंही होतं. त्याच्या मनात काही राहतच नसे.

महिन्याने बाई खोली रिकामी करायला आल्या. जिन्यात काका भेटले. त्यांनी बाईंच्या हातातली सामानाची बॅग घेतली आणि दोघं सावकाश खाली उतरले.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही पहिला शब्द दिला नसता, तर मी म्हटलं असतं का हो?"

काका एक पायरी उतरून थांबले. ज्यांनी जन्मभर सगळ्यांना शब्द दिले, त्यांच्या तोंडून 'हो' निघायला हवं होतं. काही निघालं नाही. बाईंनी थोडी वाट पाहिली, मग कठड्याला धरून पुढे उतरू लागल्या.