तात्यांचा न झालेला सत्कार

ती विहीर आणि ती सकाळ अजून माझ्या मनातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. या गुन्ह्यात कुणाला खरचटलंही नव्हतं. तरी तो आठवला की वाईट वाटतं.

मी मूळचा कोकणातला. शाळा सहावीतच सुटली. पोलीस भरतीत उभा राहिलो आणि नगर जिल्ह्यात येऊन पडलो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, त्या मोठ्या दुष्काळात, पाथर्डीच्या अंगाला एका दूरक्षेत्रावर जमादार होतो. दूरक्षेत्र म्हणजे ठाण्याची लहान चौकी. दोन खोल्या, मी आणि दोन शिपाई. लिहिण्यात मी कच्चा. आपला कागद चुकेल, फौजदारसाहेब चारचौघांत वाचून दाखवतील, ही धास्ती कायम असायची.

त्या गावात मला पहिला आधार दिला तो तात्यांनी. सत्तरीचे गृहस्थ, लष्करातून परत आलेले, बौद्ध वस्तीत राहणारे. मी हिवतापाने पडलो तेव्हा आठवडाभर त्यांच्या घरून भात आला. गाव मिलोच्या, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकेच्या लाल ज्वारीच्या, भाकरीवर दिवस काढत होतं आणि हा माणूस कोकणातला म्हणून माझ्यासाठी कुठून तरी तांदूळ मिळवत होता. ते उपकार माझ्याकडून फिटले नाहीत.

तात्यांनी आयुष्यभर गावासाठी झटून काय केलं, याची माहिती मला गावानेच दिली होती. हॉटेलात वस्तीच्या माणसांसाठी वेगळे कप असत, ते त्यांनी बंद करवले. वस्तीची मुलं शाळेच्या ओसरीवर बसत, ती वर्गात बसवली. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे गावविहीर. वीसेक वर्षांपूर्वी वस्तीतल्या बायांना घेऊन ते विहिरीवर गेले आणि पाणी काढलं. दगड नाही, शिवी नाही. गावातले एक तरुण शेतकरी तर त्यांच्याबरोबर चालत गेले होते. तेच पुढे सोसायटीचे चेअरमन झाले. तालुक्यात कुठे भांडण निघालं की आमचे साहेब या गावाचं उदाहरण देत.

त्याच चेअरमननी तात्यांचा सत्कार ठरवला. मांडव विहिरीपाशीच. नगरहून पाहुणे येणार होते. तात्या चौकीवर येऊन मला विचारू लागले, "जमादार, भाषान करावं लागंल का हो?"

"करा की."

"करीन. पर माझं लांबतं. मानसं उठून जात्यात."

"पोलीस ठेवतो उठू न द्यायला."

ते पोट धरून हसले. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

सत्काराला दोन दिवस होते. सकाळी वस्तीतली एक बाई घागर घेऊन थेट चौकीत आली. "वास घ्या," म्हणाली. रॉकेलचा वास होता. विहिरीवर गेलो तर पाण्यावर रॉकेलचा तवंग. दुष्काळात गावविहीर काय, रानातल्या विहिरी काय, सगळ्याच आटलेल्या होत्या. एक दिवसाआड सरकारी टँकर यायचा, तो या गावविहिरीत रिकामा व्हायचा आणि सगळं गाव तिथून दोन-दोन घागरी न्यायचं. तेच पाणी नासलं होतं.

पोलीस पाटलांना बोलावलं, पंच घेतले, पंचनामा केला. सार्वजनिक पाणी दूषित करणं हा गुन्हा. आणि कुणाला विहिरीवर येऊ न देण्यासाठी हे केलं असेल, तर अस्पृश्यता अपराध कायदाही लागणार. मी लिहीत असतानाच गावाची बैठक बसली. विहीर साफ होईतो टँकर चेअरमनच्या रानातल्या विहिरीत रिकामा करायचा, असं ठरलं.

"अन् वस्तीनं?" तात्यांनी विचारलं.

"तुमच्या घागरी बांधावर ठिवा. गडी वतून देतील," बैठकीतून उत्तर आलं.

तात्या काय समजले, हे मला समजलं. वरून कुणी तरी ओतणार आणि खाली घागर धरून उभं राहायचं. ज्या दिवसांतून वस्तीला बाहेर काढायला त्यांचं आयुष्य गेलं, तेच दिवस परत येणार होते.

दुपारी खबर आली. खबर देणारा म्हणाला, वस्तीतल्याच दोन पोरांनी दारूच्या नशेत केलं. दोघांना बोलावून विचारलं. दोघेही खडी फोडायच्या दुष्काळी कामावर होते, मुक्कामालाही तिथेच. मुकादमाने तसा जबाब दिला. सोडून दिलं. खबर जेव्हा फार तयार होऊन येते, तेव्हा ती कुणी तयार केली ते पाहावं, हे मी तेव्हापासून पाळलं.

मग मी घरोघर चौकशीला निघालो. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात. त्या दिवशी प्रत्येक घरात अर्धा तांब्या समोर आला आणि तोही खाली मान घालून. "पानी न्हाई हो जमादार, वाईट वाटून घिऊ नका." मी घोटभर पिऊन उरलेलं परत करायचो. चेअरमनच्या घरी मात्र सूनबाईंनी पाय धुवायला बादली दिली. वर गुळाचा खडा आणि काठोकाठ तांब्या. पाय धुताना मी आत पाहिलं. रांजण तोंडापर्यंत भरलेला, त्याच्या शेजारी ओळीने घागरी, त्याही भरलेल्या. बिचारीला वाटलं, सरकारी माणूस आलाय, पाहुणचार नीट व्हावा.

मी पाय पुसले आणि चेअरमनना चौकीवर घेऊन आलो.

"घरात पाणी बरंच आहे."

"सत्काराला पावनं येनार. भरून ठिवलंय."

"दोन घागरींच्या वर कुणाला मिळत नाही. रांजण कशाने भरला?"

शिपायाने चहा आणला, तो गार झाला. गावातला सगळ्यात वजनदार माणूस समोर, आणि माझा अंदाज चुकला तर नोकरी. शेवटी तेच बोलले.

"टँकरवाला आधी माज्या हिरीत थोडं वतून मग फुडं जायचा. मीच सांगितलं हुतं."

"आणि रॉकेल?"

"आई ऐकंना, जमादार. गावच्या हिरीचं पानी तोंडाला लावंना. म्हनती, समद्यांच्या घागरी बुडत्यात त्यात. चोरून किती दिस वतून घेनार? टँकर माज्याकडंच आला तर परश्नच मिटला."

"वीस वर्षांपूर्वी तात्यांबरोबर त्या विहिरीवर तुम्हीच गेला होतात ना?"

"गेल्तो की," ते म्हणाले. "तवा माज्या रानात पानी हुतं."

हे त्यांनी लाजून सांगितलं नाही की चिडून सांगितलं नाही. साधी गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मी आजवर अनेकांचे कबुलीजबाब ऐकले, पण असं वाक्य दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही.

संध्याकाळी तात्यांना सांगायला गेलो. गुन्हा दखलपात्र, मला नोंदवावाच लागणार होता. पण त्यांना आधी माझ्या तोंडून कळावं असं वाटलं. चेअरमनचं ते वाक्यही मी सांगितलं. तात्या ओट्यावर बसून गावातल्या मोठ्या घरांची नावं घेऊ लागले. हे घर कधी त्या विहिरीवर पाण्याला आलं? ते? दुष्काळ पडेपर्यंत एकही नाही. सगळ्यांच्या विहिरी आपापल्या रानात.

"मी समजत हुतो पानी एक झालं," ते म्हणाले. "त्यांनी तर नुसती हीर सोडून दिल्ती, जमादार."

दुसऱ्या दिवशी गावातली चार मोठी माणसं वस्तीत आली. पाहुण्यांना निरोप गेलेत, गावाची अब्रू जाईल, प्रकरण मिटवा, अशी गयावया. चेअरमन मागे उभे होते. तात्या म्हणाले, "गुन्हा नोंदवू द्या. अन् मांडव सोडा. ज्याच्यासाठी सत्कार करताय, ते अजून झालंच न्हाई."

मांडव सुटला. नासलेलं पाणी उपसून टाकावं लागलं. दुष्काळात घागरभर पाणी जमिनीवर ओतताना बाया डोळे पुसत होत्या. टँकर पुन्हा गावविहिरीत रिकामा होऊ लागला आणि तात्या रोज तिथे कठड्यावर येऊन बसू लागले. त्यांचं म्हणणं एकच. रांग एक, जो आधी येईल त्याचं पाणी आधी. पहिले दिवस तोंडं वाकडी होती. मग तहानेने सगळे सरळ झाले. एकदा चेअरमनची बायको ओरडली, "सरक की गं जरा, घागर फुटंल माझी."

"फुटली तर माझी न्या वैनी," वस्तीतली एक म्हणाली.

"तुझी आधीच पिचलीया. म्हनून देती व्हय गं?"

सगळी रांग हसली. चेअरमनच्या आईने पुढे ते पाणी घेतलं का, मला माहीत नाही. जगली मात्र.

खटला उभा राहिला आणि पडला. पंच फिरले, टँकरवाला फिरला, चेअरमन निर्दोष सुटले. त्याचं मला फारसं वाटलं नाही. पोलिसाला त्याची सवय असते. वाटलं ते पुढे.

पुढच्या साली पाऊस झाला. रानोरानच्या विहिरी भरल्या. महिन्याभरात गावविहिरीवरची रांग तुटली आणि तिथे पुन्हा वस्तीतल्या बायाच तेवढ्या दिसू लागल्या. कुणी कुणाला अडवलं नाही. त्याला कुठलं कलम लावणार?

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. तात्या त्याच कठड्यावर बसले होते, खूप थकलेले. मी म्हणालो, "तात्या, मी तपास केला नसता तर तुमचा सत्कार झाला असता. समाधान तरी राहिलं असतं."

"असं म्हनू नका," ते म्हणाले. "तुमी खरं सांगितलं. खोट्या हाराचं काय करायचं मला?"

त्यांनी रानातल्या हिरवळीकडे हात केला. मग आवाज खाली आणून, कुणी ऐकत नाही ना असं बघून म्हणाले, "पाऊस झाला ते लई ब्येस झालं, जमादार. ढोरं वाचली, पोरं वाचली. पर कधी कधी मनात येतं, अजून एक साल रांग टिकली असती, तर सवय झाली असती." आणि लगेच स्वतःच्या गालावर हलकी चापट मारली. "पाप हाय असं म्हनणं."

पुढच्या थंडीत ते गेले. मला बातमी उशिरा कळली. आजही कुणी अभिमानाने सांगितलं, आमच्या गावात भेदभाव नाही, तर मी मान डोलावतो आणि मनात विचारतो, तुम्हाला कधी एकमेकांसोबत काही वाटून घ्यावं लागलंय का? आणि मग मला तात्यांची ती चापट आठवते. गावाच्या भल्यासाठी झिजलेल्या माणसाला दुष्काळ हवासा वाटावा, अशी वेळ आम्ही त्याच्यावर आणली. त्याची फिर्याद कुणाकडे करावी, ते मला अजून कळलेलं नाही.