उंबऱ्यावरचं खाकरणं

वाळूची पिशवी फरशीवर पडली की एक बसका आवाज होतो. तो मी औषधांच्या खोलीत ऐकला आणि हातातला कापूस तिथेच टाकून बायकांच्या खोलीकडे पळाले.

गयाबाई खाटेवर नव्हती. ती खाली फरशीवर, भिंतीकडे तोंड करून बसली होती. मान खाली घातलेली, पदर डोळ्यांवरच्या पट्टीच्याही खाली ओढलेला. दारात तिचे थोरले दीर, आबा पाटील, एक पाय आत आणि एक बाहेर असे उभे होते. तिच्या ऑपरेशनला अवघे तीन दिवस झाले होते. मान हलवायची नाही, उठायचं नाही, वाकायचं तर मुळीच नाही, हे मी तिला सकाळ-संध्याकाळ बजावत होते. आणि ती उठून, खाटेवरून उतरून, वाकून बसली होती.

मी तिच्या सुनेला ओरडून हाक मारली.

ही गोष्ट पोलीस ॲक्शनच्या दोन-तीन वर्षं आधीची, जालना निजामाच्या राज्यात होतं तेव्हाची. जुन्या जालन्यात एका डॉक्टरांचा दहा खाटांचा खाजगी दवाखाना होता, तिथे मी नर्स होते. डॉक्टरसाहेब हैदराबादला शिकलेले. घरी उर्दू बोलत, पेशंटशी मराठी. आवाज कधी चढवत नसत, आणि त्याचीच आम्हाला जास्त भीती वाटायची.

आज मोतीबिंदूचं ऑपरेशन करून लोक संध्याकाळी घरी जेवायला असतात. आमच्या वेळची रीत सांगितल्याशिवाय एक बाई खाली बसली यात एवढं घाबरण्यासारखं काय, हे कळायचं नाही. डोळ्याच्या आत एक भिंग असतं. उतारवयात ते गढूळ होतं, तोच मोतीबिंदू. तेव्हा तो पिकेपर्यंत थांबायचं, म्हणजे पेशंटला नुसता उजेड आणि अंधार कळायला लागेपर्यंत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एरंडेल द्यायचं, कारण पुढे आठ दिवस कुंथायला बंदी. पापण्यांचे केस कातरायचे. मग टेबलावर घेतलं की डोळा बधिर करायचे थेंब. पेशंट जागाच असतो, सगळं ऐकत असतो. दुखत नाही, पण कोणीतरी डोळ्याशी काहीतरी करतंय एवढं कळतं. डॉक्टर बुबुळाच्या वरच्या कडेने अर्धगोल चीर देत आणि गढूळ भिंग बाहेर काढत. आमच्याकडे टाका घालत नसत. चीर आपली आपण जुळून यायची.

ती जुळेपर्यंत पेशंटने उताणं, निश्चल पडून राहायचं. दोन्ही डोळ्यांना पट्टी, कारण एक डोळा फिरला की दुसराही फिरतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान वळू नये म्हणून. खोकणं नाही, शिंकणं नाही, चावणं नाही. दूध आणि पातळ कण्या. तपकिरीची डबी मी दाखल करतानाच काढून घेत असे, भले पेशंट माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करो. मला वाटायचं, डोळा बिघडवण्याच्या साऱ्या वाटा मी बुजवून टाकल्या आहेत. तोरा होता मला त्याचा, खोटं कशाला सांगू?

गयाबाई मंठ्याकडच्या एका खेड्यातली. पन्नाशी उलटलेली, विधवा, अंगाने काटकुळी. पुढच्या पेरणीसाठी ज्वारीची कणसं निवडून ठेवायचं काम त्यांच्या घरात तिचं होतं, त्यात दुसरा कोणी हात घालत नसे. गेली दोन वर्षं ती कणसं नुसती चाचपत होती आणि निवडत होती सून. "तिला वाईट म्हणत न्हाई मी," ती मला म्हणाली होती, "पण ती मोठं कणीस निवडती. मोठं म्हंजे चांगलं नस्तं."

आणि तिच्याकडे एकच डोळा होता. उजवा डोळा गावोगाव फिरणाऱ्या एका माणसाने घालवला होता. हे लोक डोळ्यात सुई घालून मोतीबिंदू मागे ढकलून देत. चार दिवस दिसायचं, लोक वाहवा करायचे, आणि तो माणूस पुढच्या गावाला गेला की डोळा सुजायचा.

"मीच बोलावला होता त्याला," आबा पाटलांनी दाखल करतानाच डॉक्टरांना सांगितलं. "माझ्याच अंगणात बसवला. आता ह्यो एकच डोळा राह्यलाय साहेब. बराबर होईल ना?"

"होईल. पण आम्ही सांगू ते बिलकुल तसंच करायचं," डॉक्टर म्हणाले.

आबांनी कागदावर सही केली.

तीन दिवस भेटायला बंदी होती. गयाबाईपाशी फक्त सून. आबा बाहेर निंबाखाली बसून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, एकदा नजरेनं पाहू द्या. सुनेच्या सांगण्यावर माझा जीव थाऱ्यावर येत न्हाई. दारातूनच पाहतो."

मला त्यांची दया आली. सून कण्या शिजवायला गेली होती. मी म्हटलं, "बघा, पण एक शब्द बोलायचा नाही. तिला कळताच कामा नये." ते हो म्हणाले, आणि मी औषधांच्या खोलीत गेले.

शब्दाला ते जागले. एक अक्षर बोलले नाहीत. फक्त उंबऱ्याशी आल्यावर खाकरले. घरात सुना-भावजया असतात तिथे शिरण्याआधी मोठा माणूस खाकरतो, म्हणजे त्या सावरून बसतील. तीस-चाळीस वर्षं ते तसं करत आले होते आणि तितकीच वर्षं गयाबाई ते ऐकून उठत आली होती. दोघांनीही विचार असा केलाच नाही. ते खाकरले आणि ती खाली उतरली, इतकंच.

मी आणि धावत आलेल्या सुनेने तिला पाठीखाली हात घालून खाटेवर आडवं केलं. "बाई, मी पाणी मागायलाही तोंड उघडलं न्हाई तीन दिवस," ती पडल्या पडल्या पुटपुटली. "पण मोठे पाटील आल्ते ना. त्यांच्यापुढं खाटंवर पाय पसरून कशी पडून ऱ्हाऊ मी?"

पट्टीला खालून ओल आली होती.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. मी बॅटरी धरली होती आणि ती हलू नये म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट पकडलं होतं. चीर वरच्या बाजूला उघडली होती आणि तिच्यातून बुबुळाचा काळा पडदा, तिळाएवढा, बाहेर डोकावत होता. याचा अर्थ मला माहीत होता. पडदा तसाच राहिला तर त्या वाटेने जंतू आत जातात, डोळ्यात पू होतो, आणि मग डोळाच काढावा लागतो. आणखी जोर पडला असता तर आतला गरही बाहेर आला असता. तेवढं झालं नव्हतं.

"कात्री उकळा. जल्दी," डॉक्टर म्हणाले.

बधिर करायचे थेंब टाकून त्यांनी तो बाहेर आलेला तुकडा कापला, कडा नीट बसवल्या, मलम घालून पुन्हा पट्टी बांधली. सगळं मिळून पाव तास लागला असेल. हात धुताना त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणी सोडलं त्यांना आत?"

"मी."

"काय सांगून सोडलं?"

"बोलायचं नाही असं सांगून."

"खाकरायचं नाही, हे सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग त्यांची काय चूक?" हात पुसून ते निघून गेले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आबांना मी जे झालं ते सांगितलं, माझी चूक धरून. त्यांनी ती धरली नाही. "पहिला डोळा मी घालवला. दुसराही मीच घालवून राह्यलो," एवढंच म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

पुढचे दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात वाईट. आता मोजणी पहिल्यापासून. त्यात नवी अडचण अशी की गयाबाई अंग सैल सोडीना. मान ताठ, कान दाराकडे. "मोठे पाटील बाहेर हायत का?" दर तासाला विचारायची. ते आसपास आहेत म्हटल्यावर तिला आडवं पडणं जमेना. डॉक्टर म्हणाले, मान अशी ताठ राहिली तर चीर जुळायची नाही. शेवटी मी सरळ थाप मारली. "ते गेले गावाला. पेरणीचं बघायला."

"कवा गेले?"

"सकाळीच गेले."

तिने मोठा श्वास सोडला आणि पहिल्यांदा तिची मान उशीत रुतली.

आबा कुठेही गेले नव्हते. मी त्यांना विनवलं, गावाला खरंच जा. ते म्हणाले, "तिकडं जाऊन काय करू? इथं गुपचूप बसतो." त्यांनी त्या दिवशी चिलीम सोडली, कारण चिलमीने खोकला येतो. तरी खोकला यायचाच. आला की ते उपरण्याचा बोळा तोंडात कोंबत आणि रस्त्यापलीकडे पळत. सत्तरीचा, गावात ज्याच्यापुढे माणसं चपला काढून उभी राहतात असा माणूस, तोंडात बोळा धरून रस्ता ओलांडताना मी रोज खिडकीतून बघायची. हसू येण्यासारखं होतं ते. मला एकदाही आलं नाही.

रोज पट्टी सोडताना मी आधी वास घ्यायची. पू झाला तर आधी वास येतो. आठव्या दिवशी डॉक्टरांनी चीर पाहिली आणि म्हणाले, "जुळली." पण बाहुली गोल राहिली नव्हती, वर ओढली गेली होती, किल्लीच्या भोकासारखी. दिसेल का? ते म्हणाले, चष्मा लावल्याशिवाय सांगता येणार नाही. डोळ्यातलं भिंग काढलेलं असतं, त्याचं काम चष्म्याच्या जाड काचेने करायचं. आणि तो चष्मा दीड महिन्याने. तोवर फक्त धूसर, सावल्या हलल्यासारखं. ती तशीच सुनेचा हात धरून गावाला गेली.

दीड महिना मी आपली वाट पाहत राहिले. एरवी इतके पेशंट येत-जात, पण ही मनातून जाईना.

ठरल्या दिवशी सून तिला घेऊन आली. डॉक्टरांनी तिला खुर्चीवर दाराकडे तोंड करून बसवलं, चाचणीची फ्रेम चढवली आणि एकेक काच घालून बघू लागले.

"आता काही दिसतं?"

"धुरकट."

"आता?"

"तसंच हाय."

"ही बोटं किती?"

तिने हात पुढे करून चाचपलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. त्यांनी आणखी जाड काच घातली आणि पुन्हा बोटं धरली. ती बोटांकडे बघेचना. एकदम पदर पुढे ओढून ती खुर्चीवरून उठली आणि भिंतीकडे सरकून उभी राहिली.

"अहो बाई, बसा. तपासणी व्हायची आहे अजून," डॉक्टर जरा वैतागून म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. दारात आबा पाटील उभे होते. उपरण्याचा बोळा तोंडात, आवाज म्हणून कसलाही नाही.

डॉक्टरांनीही वळून पाहिलं. मग त्यांनी हळूच बोटं खाली घेतली आणि त्या काचेचा नंबर कागदावर लिहिला. मी औषधांच्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

दाखल करतानाचे आमचे प्रश्न ठरलेले होते. खोकला आहे का, तपकीर ओढता का, शौचाला साफ होते का. त्याच आठवड्यात मी रजिस्टरात आणखी एक प्रश्न वाढवला : घरात कोण आलं की तुम्ही उठता? ज्यांची नावं निघतील त्यांना पट्टी सुटेपर्यंत फाटकाच्या आत घ्यायचं नाही. पुरुषांच्या पानावर उत्तराला एक ओळ सोडली होती, ती बहुधा कोरीच राहायची. बायकांच्या पानावर मला जागा दोनदा वाढवावी लागली.