उपवासाला चालणारी सलाइन

आपल्या उपाशी राहण्यातून देवीला काय मिळतं, ही शंका मला लहानपणापासून आहे. आरती म्हणताना माझे डोळे भरून येतात, पण उपवास माझ्याच्याने होत नाही. माझ्या सासूबाई मात्र नवरात्राचे नऊही दिवस थोडं दूध आणि एखाद्या फळावर काढायच्या. काही वर्षांपूर्वी त्या साताऱ्याहून सिंगापूरला आमच्याकडे आल्या, तेव्हा क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्येही त्यांनी घट बसवले आणि उपवास धरला. मध्येच ताप आला. खालच्या क्लिनिकमधून गोळ्या आणल्या, तरी ताप हटेना. मग उलट्या सुरू झाल्या आणि दूधही पोटात ठरेना. "देवी बघून घेईल," एवढंच त्या म्हणायच्या. मला देवीचाच राग यायला लागला होता.

पुन्हा क्लिनिकला निघालो, तेव्हा हे तांजोंग पगारच्या ऑफिसात होते. इथे आम्ही लिफ्टमध्ये मराठीत बिनधास्त बोलतो, कोणाला कळतंय म्हणून. मीही सासूबाईंवर तोंडसुख घेत होते. क्लिनिकच्या गोळ्या चालू असताना साताऱ्याहून आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या कशाला घ्यायच्या, आणि त्याही उपाशीपोटी? तेवढ्यात कोपऱ्यातला एक तरुण वळून म्हणाला, "ताई, त्या गोळ्या जरा दाखवता का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याचं नाव मिलिंद. नागपूरचा, बौद्ध घरातला, आणि औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेवर संशोधन करणारा. एरवी या वेळी तो लॅबमध्ये असतो, त्या दिवशी विसरलेला चार्जर घ्यायला घरी आला होता. माझ्या पर्समधली दोन्ही पाकिटं पाहून त्याचा चेहरा उतरला. "नावं वेगळी आहेत, औषध एकच. पॅरासिटामॉल. त्यात काकूंच्या पोटात काही नाही. क्लिनिक नको, सरळ हॉस्पिटलला चला, मी येतो." टॅक्सीत त्याने समजावलं, की आपलं यकृत स्वतःच एक अँटिऑक्सिडंट तयार करतं आणि या गोळीतून निघणारं विष निकामी करत राहतं. खाणं सुटलं की तो साठा आटतो. इतकी वर्षं माझ्या आत कोणी तरी असा पहारा देत होतं आणि मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं, हे ऐकून भीतीतही मी थक्क झाले.

रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. यकृताला बरीच इजा झाली होती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, औषधाची सलाइन लगेच लावू, पण यकृत सावरेल याची खात्री आज देता येणार नाही. नर्स सुई घेऊन आली आणि सासूबाईंनी हात मागे घेतला. "हे उपवासाला चालतं का?" त्यांनी मिलिंदला विचारलं.

मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण. तो खोटं बोलला नाही. "काकू, मी देवीचे उपवास करत नाही, त्यामुळे तिचं मला सांगता येणार नाही. यात साखर आहे. आणि औषध आहे ते तुमच्या शरीराला त्याचं स्वतःचंच रक्षण पुन्हा तयार करायला मदत करणारं."

"रक्षण करणारं आतच असतं म्हणतोस? मग ते तिनेच दिलेलं असणार," सासूबाई म्हणाल्या आणि हात नर्सपुढे केला. "लाव बाई."

मी बाहेर बाकावर बसून देवीला नवसावर नवस बोलत होते, तर आत त्या शांत झोपल्या होत्या. इतक्या वर्षांचा नेम त्यांनी एका वाक्यात तिच्या स्वाधीन केला. मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

अष्टमीला यकृताचे आकडे उतरू लागले. डॉक्टर मॅडम पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, आता काही तरी खाऊ द्या. तांदळाची पेज आली. धान्य म्हणजे उपवास मोडणार, म्हणून मी धास्तावले होते. सासूबाईंनी चमचाभर पेज देवीसाठी बाजूला काढली, हात जोडले आणि खायला लागल्या.

मिलिंदला कोणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. तो म्हणतो, चार्जरने. मी दोघांचीही ऋणी आहे, त्याची आणि तिची. सोपवणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, समोर आलेली मदत घेणं, एवढं मला त्या पलंगाशी कळलं.

"कशी आहे पेज?" मी विचारलं.

"मीठ कमी आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि इतके दिवस आवरलेलं रडू मला तेव्हा फुटलं.