रजेचा महिना सिलोनात

श्रीपतीदादा गेल्याचा निरोप घेऊन मलकापूरचा गडी सांगलीला आला, तेव्हा मी शाळेत मुलींचं शिवण तपासत होते. तापानं गेला, एवढंच त्याला सांगता आलं. मी माहेरी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. ओसरीवर बायका बसल्या होत्या, आणि त्यातली एक दुसरीच्या कानाशी लागून म्हणत होती, "त्या बेटावरच्या बाईला आता कोण कळवणार?" मी ऐकलं. भिंतीला टेकून बसलेल्या हौसावहिनीनंही ऐकलं. ती नुसती पदर सारखा करत राहिली... माझा भाऊ गावाला अजूनही नीटसा ठाऊक नाही, असं तेव्हा वाटलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

दादा पलटणीत होता. लढाईच्या अखेरीला त्यांची तुकडी सिलोनात होती. रजा सुटली तसे आमच्या भागातले सगळे जवान घरी येऊन गेले. दादा आला नाही. त्यानं महिनाभराची रजा तिथंच काढली. ही बातमी गणपानं आणली, त्याच्याच पलटणीतला, शेजारच्या वाडीचा. "डोंगराच्या अंगाला एक घर हाय, तिथंच असतुय रोज," असं तो चावडीवर हसत सांगून गेला. त्या दिवसापासून आमच्या घरात चुलीपुढचं बोलणं बदललं. आईनं देवाला नवस बोलला. 

दादा कायमचा परत आला तो वाळून, काळवंडून. पण सिलोनचा विषय निघाला की खुलायचा. दालचिनीची साल एका दमात कशी उतरवायची, रबराच्या झाडाला चीर देऊन चीक कसा धरायचा, माडांच्या शेंड्यांना दोर बांधून माणसं एका झाडावरून दुसऱ्यावर कशी चालत जातात, चहाच्या मळ्यातली वाट ढगात कशी शिरते, देवळातल्या जत्रेला ढोल कसे वाजतात... तिथंच रजा काढणारे गोरे सोल्जर दिवसभर वाळूत लोळायचे. हा एकटा उलट्या दिशेनं डोंगराकडं चालत सुटायचा. आम्ही तोंड उघडं टाकून ऐकायचो. वहिनी भाकरी थापता थापता ऐकायची.

एकदा तिनं मला गोठ्यात गाठलं. "वन्सं, एक सांगा. माणूस महिनाभर बेटावर ऱ्हातो, आन समिंदराचं नाव काढत न्हाई. चारी अंगाला पाणी आसताना? कायतरी झाकतायत त्ये."

मलाही ते खटकत होतंच. मी मुद्दाम विचारलं, "दादा, समुद्र कसा असतो रे?" तो उठून बैलांना वैरण टाकायला गेला.

मग त्याच्या ट्रंकेत एक रंगीत लुगडं सापडलं. लुगडं कसलं, नेसायचं आखूड वस्त्र. "तिथं बाप्ये नेसतात," म्हणत त्यानं ते स्वतः गुंडाळून दाखवलं. आई हसली. वहिनीला हसू आलं नाही. तिनं कराडहून नारळ आणवले आणि म्हणाली, "तिथलं जेवण करून दावा." दादानं खोबरं किसलं, दूध पिळलं, त्यात भात शिजवला. भात उत्तम झाला होता, आणि तिथंच सगळं बिनसलं. खोबरं पिळताना त्यानं मनगट जसं वळवलं ते बघून वहिनी म्हणाली, "ह्यो हात बाईनं शिकवल्याला हाय."

"व्हय, बाईनंच," दादा म्हणाला. "म्हातारी हुती. दात नव्हतं तिला."

"तुमी म्हणाल तशी म्हातारी," असं म्हणून वहिनी ताटावरून उठली.

त्या वर्षी ती दोनदा माहेरी गेली. दुसऱ्यांदा परत येईल की नाही, याचा भरवसा नव्हता. मीच तिला समजावून आणली आणि दोघांना चार दिवस सांगलीला बोलावून घेतलं. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावरच्या देवाला जायचं ठरलं. कृष्णेला पाणी बेताचं होतं. नाव लागली, मी चढले, वहिनी चढली. दादा काठावरच उभा. नावाडी म्हणाला, "चला की पावनं." दादानं एक पाय उचलला, आणि तो तसाच मागं जाऊन मटकन चिखलात बसला.  लढाईवरून आलेला सहा फुटी गडी.

वहिनी गुडघाभर पाण्यात उतरून त्याच्यापाशी गेली. मीही मागोमाग उतरले. "आवं, काय झालं हुतं समिंदरावर?"

नदीकडं पाठ करून तो सांगायला लागला. जहाजावरून किनाऱ्याला नेणारा त्यांचा पडाव उलटला होता. बिरू नावाचा जतकडचा पोरगा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, त्याच्या शेजारी होता. "त्येला पवता येत नव्हतं गं. माळावरचा माणूस. हात माझ्या हातात हुता त्येचा. लाट आली, आन मग नव्हता." त्यानंतर लाटांचा आवाज येणार नाही इतकं आत, डोंगराकडं तो रोज जायचा. त्या म्हातारीच्या घरापर्यंत तो आवाज पोचत नव्हता.

"मग रजंला घरी का न्हाई आला?" वहिनीनं विचारलं. तिच्या आवाजात अजूनही धार होती.

दादानं मान वर केली. "घरी यायला जहाज लागतं, हौसा."

ती त्याच्या शेजारी चिखलातच बसली. नाव आम्हाला सोडून गेली. येताना दोघं माझ्या पुढं चालत होती, आणि भर रस्त्यात वहिनीनं त्याचं मनगट धरलं होतं.

गावाला हे तिनं कधी सांगितलं नाही. "त्येंचं त्येंच्यापाशी ऱ्हाऊ दे," म्हणायची. गाव संशय घेत राहिलं. घरातला संशय तेवढा गेला.

परवा मलकापूरला गेले तर वहिनी घरात नव्हती. उसाच्या रानात सापडली, पाटाच्या कडेला, पाण्यात पाय सोडून बसलेली. सांजेला दोघं तिथंच बसायची म्हणे, सांगलीहून परतल्यापासून. मी चपला काढून तिच्या शेजारी बसले. तिनं जरा सरकून माझ्या आणि तिच्या मधे एका माणसाची जागा ठेवली.

"एवढ्या पाण्याला त्ये भ्यायचं न्हाईत," ती म्हणाली.