आप्पांच्या पिकअपमधली ठकठक

गॅरेज काढलं की गाड्या येतात, दुरुस्त होतात आणि जातात. किस्से मात्र जायचं नाव घेत नाहीत! सांगलीला मी आणि बाबालाल मिस्त्रींनी भागीत गॅरेज चालवलं. गाडीचं पोट उघडणं त्यांच्याकडे आणि गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवणं माझ्याकडे. त्या दिवसांतले बरेच किस्से एकट्या आप्पांच्या पिकअपचे आहेत. दुसरी कुठलीही गोष्ट सांगायला बसलो तरी गाडी आपली तिथंच वळते.

लढाई नुकतीच संपली होती. लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या होत्या. आमच्या बाजारपेठेतले हळदीचे व्यापारी बाबगोंडा आप्पा असली एक पिकअप घेऊन आले. जैन माणूस, अंगानं किडकिडीत, धर्माला कडक आणि बोलायला त्याहून कडक. गाडी चालवायला त्यांनी सर्जेराव ठेवला. हा कोरेगावकडचा गडी लढाईत लष्कराच्या लॉऱ्या हाकून नुकताच परतला होता. सांगलीची हळद कोरेगावला न्यायची आणि येताना तिकडचा घेवडा आणायचा, असा धंदा. प्रत्येक फेरीला आप्पा स्वतः पुढं बसायचे.

पहिल्याच फेरीहून दोघं थेट गॅरेजमध्ये आले.

"मिस्त्री, गाडी ठक् ठक् करती," आप्पा म्हणाले. "आत कोण कोंडल्यागत!"

सर्जेरावला ते लागलं. "लढाईत हिच्या जातीच्या गाड्या मी बाँबगोळ्यातनं काढल्यात. कवा हूं की चूं न्हाई!"

"मग माझ्याकडं येऊन का वरडाय लागली?"

सर्जेराव शांतपणे म्हणाला, "करमत नसंल तिला, आप्पा."

*

बाबालाल मिस्त्रींची तपासणी बघण्यासारखी असे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला. डोळे मिटायचे आणि कुणी बोललं की हात वर करायचा. तेवढ्यात गल्ली गोळा झाली. प्रत्येकाला एकदा कान लावून बघायचा होता. शेजारचा शिंपी तर शिलाई सोडून आला. शेवटी आप्पांनीही पागोटं सारून कान लावला आणि बराच वेळ ऐकलं.

"काय म्हनतंय, आप्पा?" मिस्त्रींनी विचारलं.

"लय बोलतंय," आप्पा म्हणाले, "पर ठक् म्हनंना!"

*

मिस्त्रींनी मग स्प्रिंगांवर संशय घेतला. स्प्रिंगच्या पानांमध्ये चामड्याचे तुकडे घालू म्हणाले. आप्पा ताडकन उठले.

"माझ्या गाडीत कातडं? जमायचं न्हाई!"

बाबालाल मिस्त्री कुणाच्या धर्माला नावं ठेवणारे नव्हते. पण खरं बोलल्याशिवाय त्यांना राहवत नसे. ते हळूच म्हणाले, "आप्पा, रागावू नका. पर तुमी गाडीत ज्याच्यावर बसताय, ते काय हाय?"

आप्पांनी जाऊन सीटवरून हात फिरवला. वास घेतला. तडक घरी गेले आणि जेवायचा पाट घेऊन आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बाजूची सीट गेली आणि आप्पा पाटावर बसून कोरेगावला जाऊ लागले. आवाज तसाच. आता सगळे म्हणू लागले, पाटच वाजतोय! पाटाखाली घोंगडी घातली. तरी ठक्. रस्ता तसला आणि खाली लाकूड, आप्पांच्या हाडांचं काय होत असेल! पण त्यांनी तक्रार केली नाही, तक्रार केली ती फक्त आवाजाची.

*

कोरेगावच्या अडत्यानं आपलं डोकं चालवलं. "आप्पा, गाडी हलकी हाय म्हणून वाजती. दाबून माल भरा, आवाज बसंल खाली."

आप्पांना पटलं. घेवड्याची पोती मावतील तेवढी भरली, वर आणखी दोन चढवली. पिकअप मागून इतकी बसली की पुढचे दिवे आभाळाकडं बघू लागले. कऱ्हाडच्या अलीकडं स्प्रिंगचं पान मोडलं. रखडत रखडत गॅरेजला आली.

मी विचारलं, "सर्जेराव, आवाज बसला का?"

"बसला न्हाई. जोडीदार मिळाला त्येला!"

*

त्या आवाजाची एक खोड होती. सर्जेराव गाडी थांबवून खाली वाकून बघायचा. आप्पा उतरून सावलीला जायचे, पाणीबिणी प्यायचे. परत निघालं की आवाज गायब! चार-सहा मैल गाडी गपगार आणि मग पुन्हा ठक्.

"थांबली की बरी असती," आप्पांनी अनुमान काढलं. "दमती वाटतं."

झालं, एकदा आटपाडीला पाहुण्यांकडं जाताना तिला जागोजागी विसावा देत नेली. आप्पा सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत. पाहुण्यांनी पुरणपोळीचं ताट वाढून ठेवलं होतं. गाडी वेशीत शिरली आणि सूर्य बुडाला. आप्पा ताटाकडं न बघता आत जाऊन आडवे झाले. सर्जेराव मात्र पंक्तीला बसला, आणि त्याला काय कळणार, भरपेट जेवला. वर यजमानीणबाईंना म्हणाला, "पोळी लय झ्याक झालीया!"

ते आप्पांना आत ऐकू गेलं. माझ्या मते पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

*

मग मिस्त्रींनी नवाच शोध लावला. चतुर्दशीला आवाज येत नाही! त्या दिवशी आप्पांचा निर्जळी उपास असे, आणि त्या फेरीला गाडी एकदाही ठक् म्हणाली नव्हती.

"गाडीबी उपास धरती, आप्पा," मिस्त्री म्हणाले. "तुमची संगत लागली तिला."

आप्पा हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात वेगळंच जुळत होतं. मी आणि मिस्त्री गाडी फिरवून बघायचो तेव्हा आवाज नाही. सर्जेरावनं गावातल्या गावात एकट्यानं नेली तरी नाही. चतुर्दशी सोडली तर आप्पा बसले की ठक्! दुसऱ्या दिवशी भर बाजारपेठेत, हमालांच्या आणि व्यापाऱ्यांच्या देखत, आप्पांनी सर्जेरावला उभं केलं.

"मी गाडीत बसलो की तू गिअर आपटतोस. मी कटाळून घरी बसावं आनि तुला मोकळं रान मिळावं, व्हय न्हवं? एवढी फेरी कर. आल्यावर नवा ड्रायव्हर बगतो."

सर्जेराव उलटून बोलेल असं मला वाटलं होतं. तो नुसता म्हणाला, "आप्पा, गाडीला मी कवा आपटलं न्हाई." आणि जाऊन रेडिएटरमध्ये पाणी घालू लागला. बाजारपेठेतून असा शिक्का बसून निघालेल्या ड्रायव्हरला दुसरा कोण गाडी देणार? मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी मी आप्पांना म्हणालो, "या फेरीला मी येतो. मागं बसतो."

*

जाताना गाडी हळदीनं खच्चून भरलेली, मला पुढं दोघांत चेपून बसावं लागलं. ठक् होत होतं, पण इंजिनाच्या गोंगाटात कुठून येतंय ते समजेना. येताना घेवडा बेताचाच भरला आणि मी मागं पोत्यांवर बसलो.

कऱ्हाड सोडलं. ऊन चांगलंच तापलं होतं. आणि माझ्या कानाशी, अगदी हातभर अंतरावर, ठक्!

आप्पांचा फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या होता तो. ते घरच्या विहिरीचं गाळलेलं पाणीच पीत. पुढं इंजिनाच्या धगीनं पाणी तापतं म्हणून तांब्याला ओलं फडकं गुंडाळून तो केबिनच्या पाठीमागं, बाहेरून पत्र्यावरच्या खुंटीला टांगत. फडकं वाळलं की सैल होऊन घसरायचं आणि उघडं पितळ पत्र्यावर आपटायचं. गाडी थांबली की आप्पा आधी तांब्या काढणार, पाणी पिणार, फडकं भिजवून पुन्हा घट्ट बांधणार. गॅरेजला आले तरी तांब्या त्यांच्या हातात. चतुर्दशीच्या निर्जळी उपासाला तर तो घरीच राहायचा. आणि त्यांच्या पाण्याला आमच्यापैकी कुणी बोट लावत नव्हतं, मग तो तपासणार कोण!

मी टपावर थापा मारल्या. गाडी थांबली. आप्पा नेहमीसारखे उतरून मागं आले आणि तांब्याकडं हात नेला.

"आप्पा, हात लावू नका!"

त्यांच्याच तांब्याला हात लावू नका म्हणून त्यांना कुणी आजवर सांगितलं नसेल. त्यांनी हात मागं घेतला. मी सर्जेरावला गाडी थोडी पुढं घ्यायला सांगितलं. आप्पा रस्त्याच्या कडेला उभे. गाडी पहिल्याच खड्ड्यात गेली.

ठक्.

सर्जेराव उतरून आला. त्यानं तांब्या बघितला. मला वाटलं, आता हसेल, निदान चार शब्द सुनावेल. तो खाली मान घालून टायरवरची माती पायानं काढत राहिला.

आप्पांनी तांब्या काढला. पाणी प्याले नाहीत. धोतर सावरलं, चाकावर पाय दिला आणि मागं पोत्यांवर चढून बसले.

"आवं आप्पा, ऊन लय हाय. पुढं बसा!" सर्जेराव म्हणाला.

"तू गाडी चालव."

मी पुढं बसायला गेलो, तर पाट रिकामा बघून बसवेना. सर्जेरावच्या सीटच्या कडेला टेकलो. आष्टा गेलं, सांगली आली, पण मागं काही वाजलं नाही. बाजारपेठेत शिरलो तेव्हा बरीच मंडळी वाट बघत होती. नवा ड्रायव्हरही हजर होता, डोक्याला तेल लावून. धुळीनं पांढरे झालेले आप्पा, मांडीवर तांब्या, पोत्यांवर बसलेले! मंडळी गाडीभोवती गोळा झाली.

शेवटी एक व्यापारी धीर करून म्हणाला, "आप्पा, आवाज सापडला का? नवा गडी कवाधरनं थांबलाय."

"सापडला," आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मागं बसवून आणलाय. पुढचा मानूस हाय तितंच ऱ्हाईल."